पत्र्यावर फांदी पडली तर

नागपुरात मे-जूनच्या वादळात कडुनिंब, गुलमोहराच्या फांद्या हमखास कोसळतात. फांदीला सर्व्हिस वायर (खांबावरून घरात येणारी विजेची तार) अडकली असेल तर हात लावू नका. आधी १९१२ वर महावितरणला कळवा. विमा असेल तर काही हलवण्याआधी फोटो काढा.

फांदी ओढू नका. ओढली की खुंट पत्र्यात रुततो आणि वीतभर चीर हातभर होते. जाड भागाला दोर बांधा, तो वरच्या मजबूत आधाराला ताणून बांधा, मग डहाळ्या छाटत या. सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देणं म्हणजे खाली घरात पडणं. पत्र्याखालच्या लोखंडी अँगलवर (आडव्या आधारावर) टेकेल अशी फळी टाकून तिच्यावरूनच चाला. जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक तंतू) असू शकतं, म्हणून तो कापू-घासू नका. तुकडे ओले करूनच उचला.

ताडपत्री फक्त भोकावर टाकून उपयोग नाही. वरचं टोक मोभाच्या (छपराच्या सर्वांत उंच कडेच्या) पलीकडे न्या, नाहीतर पाणी तिच्याखालूनच शिरतं. विटा ठेवू नका, वाऱ्याने त्याच खाली येतात. दोरीने अँगलला बांधा.

टिनाच्या बारीक भोकाला डांबरी चिकटपट्टी चालते, पण जागा कोरडी आणि गंजमुक्त हवी. तडकलेला सिमेंट पत्रा मात्र बदलाच. नवा पत्रा वरच्या पत्र्याखाली किमान ६ इंच सरकवा. पत्रा अँगलला धरणाऱ्या ८ मिमीच्या जे-हूकला १० मिमीचं भोक पाडा, तेही पन्हळीच्या उंचवट्यावर. खोलगटात पाडलं की गळणारच. नट फार आवळू नका, वॉशर चपटा होतो आणि पत्रा तडकतो.

छपरावर कवेलू (मातीची कौलं) असतील तर फुटलेले बदलण्याआधी खालची फाटी (कौलांना आधार देणारी लाकडी पट्टी) वाकली का, ते बघा.