स्टोमा आणि मोटारसायकल: कपडे निवडताना या चुका टाळा

माझ्या कोलोस्टोमीला, म्हणजे मोठं आतडं पोटावर उघडण्याच्या शस्त्रक्रियेला, आता सहा वर्षं झाली. पोटाच्या डाव्या बाजूला, बेंबीच्या थोडं खाली स्टोमा, म्हणजे मल बाहेर येण्याचं तोंड आहे; त्यावर मल गोळा करणारी पिशवी लावलेली असते. सर्जननी परवानगी दिल्यावर पुन्हा गाडी काढली, आणि पहिल्याच महिन्यात तीन वेळा पिशवी गळली. दर वेळी वाटायचं, फ्लँज (पिशवी कातडीला धरून ठेवणारी चिकट चकती) चिकटवताना माझंच काहीतरी चुकतंय. शेवटी पिशवीचा प्रकारही बदलून पाहिला. खरा दोष होता तो पँटचा.

उभं राहून पँट घेणं

सगळ्यात मोठी चूक हीच, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर सांगतो. ट्रायल रूममध्ये आपण उभे असतो, गाडीवर मात्र तासन्‌तास बसलेले असतो. बसलं की पोट पुढे येतं, पँटची कंबर मागून खाली सरकते आणि पुढून वर चढते. उभं असताना स्टोमाच्या दोन बोटं खाली असलेलं बक्कल बसल्यावर नेमकं त्याच्यावर येतं.

यात धोका असा, की ते दुखत नाही. स्टोमाला वेदना जाणवणाऱ्या नसा नसतात. बक्कल तासभर घासलं तरी कळणार नाही. घरी आल्यावर पिशवीत रक्त दिसेल तेव्हाच कळेल.

दुसरा त्रास पिशवीचा. कापड घट्ट असेल तर पिशवीच्या दोन्ही बाजू एकमेकींना चिकटतात. मल खाली उतरत नाही, स्टोमाभोवतीच साचतो, फ्लँजच्या खाली शिरतो आणि चिकट थर सोडवतो. माझ्या तिन्ही गळत्या अशाच झाल्या होत्या.

म्हणून पँट घ्यायला जेवणानंतर जा, पिशवी थोडी भरलेली असताना. सकाळी पिशवी रिकामी करून गेलात तर सगळंच छान बसेल. दुकानदाराला सांगून पँट घालून पार्किंगमधल्या आपल्या गाडीवर दहा मिनिटं बसा, हँडल धरा, पाय टेकवा, मागे वळून पाहा. कंबर स्टोमाच्या बरीच वर किंवा बरीच खाली आली पाहिजे, त्याच्यावर नको. मला स्वतःला उंच कंबरेची, एक माप मोठी पँट आणि गॅलस (पँट धरणारे खांद्यावरचे पट्टे) हे सगळ्यात सोयीचं पडलं. कमरेचा पट्टा मी सोडूनच दिला.

आमच्या स्टोमा असलेल्यांच्या गटातल्या एका ताईंचा अनुभवही सांगतो. त्या मुलाच्या मागे बसून जायच्या आणि पिशवी गळायची. कारण होतं परकराची नाडी, बरोबर स्टोमावरून गेलेली. नाडीऐवजी रुंद, सैल इलॅस्टिकचा परकर शिवून घेतला आणि गळणं थांबलं.

जॅकेटच्या कंबरेकडे दुर्लक्ष

बहुतेक रायडिंग जॅकेटना कंबरेशी आवळायच्या पट्ट्या असतात. त्या सैल सोडा. जॅकेट आणि पँट जोडणारी चेन लावून एकदा पुढे वाकून पाहा. पँट वर ओढली जात असेल तर ती चेन लावू नका. आखूड जॅकेटची खालची कड पोटावर येऊन घासते, त्यामुळे मांडीपर्यंत येणारं थोडं लांब जॅकेट बरं. मात्र आरामासाठी खांदे, कोपर, गुडघे इथले पॅड काढून टाकू नका. पोटाला मोकळीक हवी, सांध्यांना संरक्षण हवंच.

उन्हाळ्यात जाळीचंच जॅकेट घ्या. घामाने फ्लँजचा चिकट थर मऊ पडतो, त्यामुळे एरवी चार दिवस टिकणारी पिशवी मे महिन्यात तीनच दिवसांत सुटू शकते. इलिओस्टोमी (लहान आतड्याचा स्टोमा) असलेल्यांच्या शरीरातून पाणी आणि मीठ आधीच जास्त जातं; जाड जॅकेटमध्ये घाम गाळत ते घाट चढत असतील तर ओआरएस सोबत हवंच.

कपड्यांवर येणारं ओझं विसरणं

कपडे योग्य निवडले, पण वरून सॅकचा कमरपट्टा आवळला की सगळं फुकट. तो पट्टा बांधू नका. टाकीवर ठेवायची बॅग पोटाला टेकत असेल तर मागच्या सीटवर बांधा. आणि मागे बसणाऱ्याला आधीच सांगा: ‘पोटाला धरू नकोस, खांद्याला किंवा मागच्या दांडीला धर.’ ब्रेक लागला की माणूस आपसूक घट्ट आवळतो, म्हणून हे निघण्याआधीच सांगायचं. मला सुरुवातीला फार संकोच वाटायचा. आता वाटत नाही.

हर्नियाचा आधारपट्टा वापरत असाल तर तो आडवं पडूनच बांधा, आणि त्यावर पँट घालून पुन्हा गाडीवर बसून पाहा. पट्ट्याची जाडी धरली की माप बदलतं.

तरीही गळत असेल तर

काढलेली फ्लँज लगेच फेकू नका, उलटी करून पाहा. वरच्या बाजूने झिजलेली असेल तर मल वर साचतोय: कपडे सैल करा, पिशवीत वंगणाचे थेंब टाका, पिशवीतली हवा बाहेर सोडणाऱ्या फिल्टरवर सोबत मिळणारं स्टिकर लावून थोडी हवा राहू द्या. बाजूने एका रेषेत गळत असेल तर बसल्यावर तिथे कातडीला घडी पडतेय. त्यासाठी स्टोमा नर्सला बसलेल्या अवस्थेतच पोट दाखवा. पिशवी भरून जड झाल्यामुळे सुटत असेल तर एक तृतीयांश भरल्यावरच रिकामी करायची सवय लावा, आणि निघण्याआधी तर नक्कीच.

पुसताना थोडं रक्त दिसलं तर घाबरू नका. पण रक्त थांबत नसेल, लालसर गुलाबी स्टोमा जांभळा किंवा काळा दिसत असेल, किंवा पोटात कळा येऊन पिशवीत काहीच येत नसेल, तर प्रवास तिथेच थांबवून दवाखाना गाठा.

पावसाळी पँटसाठीही गाडीवर बसून पाहण्याची तीच परीक्षा, कारण तिचं इलॅस्टिक फार कडक असतं. जॅकेटला आतून मोठा खिसा आहे का तेही बघून घ्या. माझ्या खिशात आधीच कापून ठेवलेली एक फ्लँज, एक पिशवी, कोरडे वाइप्स, काळी कॅरीबॅग आणि घडी करून एक अंडरवेअर असते. हे सामान गाडीच्या डिकीत ठेवू नका. उन्हात तापून चिकट थर खराब होतो, आणि नेमकी गरज पडेल तेव्हा ती फ्लँज चिकटत नाही.