बीसीडी आपोआप फुगत होती, त्याचा इलाज

तारकर्लीला स्कूबा डायव्हिंग करताना पाण्याखाली बीसीडी, म्हणजे तरंगणं कमीजास्त करायला हवा भरायचं जॅकेट, आपोआप फुगायला लागलं. हवा भरायच्या बटणाला हात नाही, तरी ते ज्यात असतं त्या इन्फ्लेटरमधून फुसफुस चालूच. अशा वेळी आधी सिलिंडरमधून हवा आणणाऱ्या नळीची, म्हणजे लो-प्रेशर होजची, कॉलर मागे ओढून होज सोडवायची आणि हवा सोडायच्या डंप व्हॉल्व्हची दोरी ओढून हवा काढत राहायचं. श्वास मात्र रोखायचा नाही. 10 मीटर खोलीवरची हवा वर येईपर्यंत दुप्पट होते, मग ती जॅकेटातली असो की फुप्फुसातली. होज सुटल्यावर जॅकेटात तोंडाने हवा भरता येते, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. बडीला, म्हणजे सोबतच्या डायव्हरला, खूण केली आणि दोघं सावकाश वर आलो.

खरं काम सोलापुरात झालं. बटण दाबलं की अर्ध्यावर अडकायचं, कडेला मिठाचे बारीक पांढरे कण. इन्फ्लेटर कोमट पाण्यात बुडवून ठेवला, मधूनमधून बटण दाबत राहिलो. पाणी नळाचंच घेतलं. आमच्याकडे ते रोज येत नाही हे खरं, पण बोअरच्या जड पाण्याने मीठ जाऊन क्षार बसायचे. जॅकेटच्या आतही पाणी घालून हलवलं, ओतून टाकलं. वाळवलं सावलीत. आई म्हणाली, "गच्चीवर टाक की, तासाभरात वाळंल." सोलापूरचं ऊन चादरींना ठीक, रबराला नाही.

बटण मोकळं झालं, तरी भरवसा ठेवला नाही. आतला व्हॉल्व्ह पुण्यातल्या सर्व्हिसवाल्याकडून बदलून घेतला आणि तिथेच सिलिंडर जोडून फुसफुस ऐकू येते का ते तपासलं.