महाड सत्याग्रहाची शताब्दी: नगर समितीने तयारी कशी करावी

महाडच्या चवदार तळ्यावरील सत्याग्रहाला २० मार्च २०२७ रोजी शंभर वर्षे पूर्ण होतात. अशा प्रसंगी नेमलेल्या समितीची पहिली बैठक बहुधा मंडप किती मोठा असावा आणि प्रमुख पाहुणे कोण असावेत याच चर्चेत संपते. हे दोन्ही विषय पुढच्या बैठकीवर ढकलावेत आणि पहिल्या बैठकीत आपण नेमके कशाचे स्मरण करणार आहोत एवढेच ठरवून ते इतिवृत्तात स्पष्ट शब्दांत लिहून घ्यावे.

हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही, कारण १९२७ साली महाडमध्ये जे घडले ते एका दिवसात संपलेले नव्हते. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद १९ आणि २० मार्चला भरली आणि दुसऱ्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व परिषदेचे प्रतिनिधी तळ्यावर जाऊन पाणी प्याले. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात शिरण्याची अफवा पसरवून प्रतिनिधींवर हल्ले झाले आणि पुढे तळ्याचे ‘शुद्धीकरण’ही करण्यात आले. डिसेंबरमध्ये दुसरी परिषद भरली, तेव्हा न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम असल्यामुळे तळ्यावर न जाण्याचा निर्णय झाला. मात्र २५ डिसेंबरला मनुस्मृतीचे दहन झाले. तळे खाजगी मालकीचे आहे असे म्हणत काही सवर्णांनी लावलेला दावा मुंबई उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी, म्हणजे दहा वर्षांनी, निकाली निघाला. यातली कोणती तारीख समिती आपली मानणार, यावर मंडपापासून मानधनापर्यंतचा सगळा खर्च अवलंबून राहील. माझे मत असे की मार्च ते डिसेंबर २०२७ हा सलग काळ शताब्दी वर्ष म्हणून धरावा. मार्चमध्ये सगळा जोर संपवून डिसेंबरच्या वाट्याला एक फलक आणि एक हार एवढेच ठेवले, तर तो अर्धाच इतिहास होईल.

समिती नगरपरिषदेच्या पुढाकाराने बसणार असेल, तर तिला आणखी एक गोष्ट पत्करावी लागेल. रावबहादूर सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये तळे खुले केले आणि सत्याग्रहानंतर तोच ठराव ४ ऑगस्ट १९२७ रोजी मागे घेतला. तळे उघडणारे आणि पुन्हा मिटणारे हात एकाच संस्थेचे होते. प्रदर्शनात पहिला ठराव मोठ्या चौकटीत आणि दुसरा कोपऱ्यात, असे करू नये. दोन्ही सारख्याच आकारात, शेजारी शेजारी लावावेत. (४ ऑगस्ट ही तारीख दोनदा येते, ती मुद्रणदोष समजून ‘दुरुस्त’ होऊ नये म्हणून मुद्रितशोधकाला आधीच सांगून ठेवावे.) दाव्यातील वादींची नावे न्यायालयाच्या कागदांत आहेत आणि ती कागदांतच दाखवावीत, त्यांच्या आजच्या पिढीला व्यासपीठावर ओढणे हा समितीचा अधिकार नव्हे.

मजकुरासाठी दोन-तीन जणांची वेगळी उपसमिती असावी आणि तिच्या लेखी संमतीशिवाय एकही फलक, पत्रिका किंवा कोनशिला छापायला अथवा कोरायला जाऊ नये. एका गावच्या शताब्दीला मी उपस्थित होतो, तिथे कोनशिलेवरचे साल चुकीचे कोरले गेले होते. ते उद्घाटनाच्या सकाळी लक्षात आले, म्हणून दिवसभर नेमक्या त्या आकड्यावर शेवंतीचा जाड हार लोंबत ठेवला होता आणि तो वाऱ्याने सरकला की एक कार्यकर्ता धावत जाऊन सारखा करीत होता. आकडे कोरताना तर अधिकच जपावे. परिषदेला किती लोक होते याचे आकडे पुस्तकागणिक काही हजारांपासून दहा हजारांपर्यंत बदलतात, तेव्हा दगडावर ‘हजारो’ लिहावे आणि आकड्यांची चर्चा स्मरणिकेसाठी राखावी. त्याच स्मरणिकेत रामचंद्र बाबाजी मोरे, अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस, गंगाधर नीलकंठ सहस्रबुद्धे या सत्याग्रहातल्या कार्यकर्त्यांविषयी स्वतंत्र लेख असावेत, आणि डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळेना तेव्हा स्वतःची जमीन देणारे फत्तेखान तळटिपेत हरवू नयेत याकडेही लक्ष द्यावे.

घराघरांतून जुनी छायाचित्रे, पत्रे आणि पावत्या मिळतील, पण मूळ कागद समितीच्या कार्यालयात गोळा करण्याचा मोह टाळावा. जुलै २०२१ च्या पुरात हे शहर कसे बुडाले ते सर्वांनी पाहिले आहे. स्कॅनर घेऊन आपणच घरी जावे, मालकासमोर प्रत काढावी, मूळ कागद तिथेच परत द्यावा आणि वापराची परवानगी लिहून घ्यावी. वयोवृद्धांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करण्याचे काम सर्वांत आधी सुरू करावे. मंडप महिन्यात उभा राहतो, पण या कामाला माणूस हयात असावा लागतो.

पैशांच्या बाबतीत वर्षाची रचना नीट पाहावी. मार्चचा कार्यक्रम २०२६-२७ या आर्थिक वर्षात आणि डिसेंबरचा २०२७-२८ मध्ये पडतो, त्यामुळे दोन अंदाजपत्रकांत दोन वेगळ्या तरतुदी कराव्या लागतील. २० मार्च आणि ३१ मार्च यांत केवळ ११ दिवसांचे अंतर आहे. देयके सादर करणे, त्यांची तपासणी आणि रक्कम अदा करणे हे सारे त्या अकरा दिवसांत उरकायचे असेल, तर प्रशासकीय मान्यता, निविदा आणि कार्यारंभ आदेश कितीतरी आधी हातात हवेत. मध्येच निवडणुकीची आचारसंहिता लागली तर काय करायचे, हेही मुख्याधिकाऱ्यांशी आधीच बोलून ठेवावे. लोकवर्गणी गोळा करायची असेल आणि समिती नोंदणीकृत न्यास नसेल, तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० च्या कलम ४१ क नुसार धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी. गणेशोत्सव मंडळे हीच परवानगी दरवर्षी घेतात, त्यामुळे गावात तिची माहिती असलेला माणूस सापडतोच. पावतीपुस्तकांना अनुक्रमांक असावेत आणि कोणते पुस्तक कोणाकडे आहे याची नोंद खजिनदाराच्या वहीत असावी.

आता पाण्याकडे वळू. १९२७ च्या परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले होते, कारण जमलेल्या लोकांना गावातल्या पाणवठ्यावर जाण्याची मुभा नव्हती. ज्या गावात हे घडले, तिथे शताब्दीला आलेल्या माणसाला वीस रुपयांची बाटली घ्यावी लागली, तर बाकीची सारी व्यवस्था चोख असूनही समितीची फजिती झाली असेच मी म्हणेन. मार्चच्या उन्हात दिवसभर थांबणाऱ्या माणसाला केवळ पिण्यासाठी चार लिटर धरले, तरी १०,००० लिटरचा एक टँकर २,५०० जणांना पुरतो. हातपाय धुणे आणि शौचालये यांचे पाणी त्याहून वेगळे. टँकर एका जागी उभा करून भागत नाही, कारण तिथे चेंगराचेंगरी होते. एसटी स्थानकापासून तळ्यापर्यंत आणि तळ्यापासून या लढ्याचे स्मारक असलेल्या क्रांतिस्तंभापर्यंतच्या वाटेवर थोड्या थोड्या अंतरावर तोट्या बसवलेल्या टाक्या ठेवाव्यात, म्हातारी बाई आणि लहान मूल या दोघांचाही हात पोहोचेल अशा उंचीवर तोटी असावी आणि प्रत्येक टाकीजवळ, ती रिकामी होण्यापूर्वी फोन करणारा, एक स्वयंसेवक नेमावा. पाण्याची तपासणी आरोग्य विभागाकडून आदल्या दिवशीच करून घ्यावी.

तळ्याच्या पायऱ्यांवरची गर्दी हा स्वतंत्र विषय आहे. उतरण्याची आणि चढण्याची वाट वेगळी ठेवावी, कठड्यांची पाहणी सार्वजनिक बांधकाम विभागाकडून करून घ्यावी आणि पोहणारे जीवरक्षक पायऱ्यांवरच बसवावेत. मान्यवरांच्या भेटीसाठी तळे सर्वसामान्यांना तासभर बंद ठेवण्याची सूचना येईल, ती समितीने ठामपणे नाकारावी. शंभर वर्षांनी याच तळ्यावर लोकांना पुन्हा थांबवून ठेवणे कोणत्याही कारणाने शोभणार नाही. पाहुण्यांनी पहाटे यावे किंवा रांगेतून यावे.

प्रवासाचा हिशेब करताना पंचांग उघडावे. १९२७ साली २० मार्चला रविवार होता. २०२७ साली त्या तारखेला शनिवार आहे आणि २२ मार्चला फाल्गुन पौर्णिमा आहे. म्हणजे शताब्दीचा दिवस शिमग्याच्या ऐन तोंडावर येतो. मुंबईचे चाकरमानी त्याच दोन दिवसांत कोकणात उतरतील, मुंबई-गोवा महामार्ग भरलेला असेल आणि एसटीच्या जादा गाड्यांची मागणी दोन्हीकडून एकदम येईल. म्हणून राज्य परिवहन महामंडळ, कोकण रेल्वे आणि जिल्हा पोलीस यांच्याशी एकत्र बैठक दिवाळीपूर्वी घ्यावी. वीर स्थानकावर जादा गाड्यांना थांबा मिळाला, तर तिथून शहरापर्यंत फेऱ्या मारणाऱ्या बस लावता येतील. वाहनतळ शहराबाहेर ठेवावेत, पण चालायचे अंतर वृद्धांना झेपेल इतकेच असावे. ग्रामदेवतेच्या पालख्यांचे मार्ग गावकऱ्यांबरोबर बसून आधीच समजून घेतले, तर ऐन वेळी कोणाचीच वाट अडणार नाही.

पुस्तकांच्या दुकानांना जागा देताना हात आखडता घेऊ नये. चैत्यभूमी आणि दीक्षाभूमी येथे येणारा माणूस परतताना पुस्तक घेऊन जातो, आणि महाडलाही तसेच होईल. जागा सोडत काढून द्याव्यात, म्हणजे तक्रारी कमी होतात. रात्री १० नंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो, म्हणून गायन पार्ट्यांना संध्याकाळची वेळ द्यावी आणि भाषणांची संख्या त्यासाठी कमी करावी. असे केल्याने श्रोत्यांचे नुकसान होणार नाही. फिरती शौचालये, रुग्णवाहिका आणि हरवलेल्यांचा कक्ष यांची माहिती देणाऱ्या फलकांवर बाण मोठे आणि अक्षरे कमी असावीत.

पावसाळा मध्ये येत असल्याने कायमस्वरूपी बांधकाम मेअखेरपर्यंत पुरे करावे किंवा सरळ ऑक्टोबरमध्ये सुरू करावे. डिसेंबरचा कार्यक्रम मार्चची नक्कल होऊ नये. २५ डिसेंबर १९२७ रोजी बाबासाहेब बोटीने दासगाव बंदरात उतरले आणि तिथून मिरवणुकीने पायी महाडला आले. तीच वाट सकाळच्या थंडीत चालत यावी, वाटेत शाळकरी मुलांनी त्या त्या टप्प्याची माहिती वाचून दाखवावी आणि महाडला पोहोचल्यावर फक्त एक सभा घ्यावी.

जमाखर्च सनदी लेखापालाकडून तपासून घेऊन नगरपरिषदेच्या फलकावर लावावा आणि स्कॅन केलेल्या कागदांचा एक संच गावातल्या ग्रंथालयात ठेवावा. त्या संचाच्या पहिल्या पानावर ‘१७ मार्च २०३७, उच्च न्यायालयाच्या निकालाची शताब्दी’ अशी नोंद करून ठेवावी, म्हणजे पुढच्या समितीची पहिली बैठक तारखेच्या वादात जाणार नाही.