मुलाखतींचं ट्रान्सक्रिप्ट सॉफ्टवेअरकडून करताना या चुका टाळा

एका तासाची मुलाखत हाताने उतरवायला सरावलेल्या माणसालाही चार-पाच तास लागतात. पीएचडीचं फिल्डवर्क संपून फोनमध्ये रेकॉर्डिंगांचा ढीग साठला की कुणीही सॉफ्टवेअरकडे वळणारच, आणि वळावंही. फसगत होते ती मात्र भलत्याच ठिकाणी. सॉफ्टवेअरने काहीतरी अगम्य लिहिलं तर ती ओळ आपण लगेच पकडतो. घात करते ती शुद्ध, वाचायला गुळगुळीत आणि समोरच्या बाईने कधीच न उच्चारलेली ओळ.

बीडकडच्या ऊसतोड कामगारांच्या मुलाखती डोळ्यांपुढे ठेवून लिहितोय, कारण अडचणीच्या जवळपास सगळ्या जागा तिथे एकत्र सापडतात.

भाषा आपोआप ओळखू देणं

ओपनएआयचं व्हिस्पर हे बोलणं ऐकून मजकूर उतरवणारं मॉडेल सप्टेंबर २०२२मध्ये खुलं झालं आणि आज बऱ्याच फुकट-विकत साधनांच्या पोटात तेच असतं. ते सुमारे ६,८०,००० तासांच्या आवाजावर शिकलं, पण त्यातलं जवळपास दोन तृतीयांश इंग्रजी. मराठीचा वाटा नगण्य. भाषा कोणती हे ते पहिल्या ३० सेकंदांवरून ठरवतं. त्या ३० सेकंदांत तुमचं ‘रेकॉर्डर ऑन केलाय, ओके ना?’ आणि बाहेरून जाणारा ट्रॅक्टर एवढंच असेल, तर पुढची सगळी मुलाखत हिंदीच्या वळणाने उतरते. म्हणून भाषेच्या जागी स्वतः ‘मराठी’ निवडा.

त्याच्या शेजारीच थेट इंग्रजी भाषांतराचा पर्याय असतो. वेळ वाचेल म्हणून त्याला हात लावू नका. ‘मालकांनी उचल घेतली’ या बाईच्या वाक्यातले मालक म्हणजे तिचा नवरा, आणि उचल म्हणजे हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम. भाषांतरात ते कारखानदार झाले, की कर्ज कुणाच्या डोक्यावर आहे हेच उलटंपालटं होतं. आधी मराठी मजकूर पक्का करा, भाषांतर नंतर.

शांततेत उगवणारी वाक्यं

ही सगळ्यात वाईट खोड. बाई बोलता बोलता थांबते, पदराने डोळे पुसते, आणि सॉफ्टवेअर त्या रिकाम्या जागी ‘धन्यवाद’ लिहून मोकळं होतं किंवा आधीचंच वाक्य दहा-पंधरा वेळा उतरवतं. अमेरिकेतल्या संशोधकांनी २०२४मध्ये व्हिस्परने उतरवलेली इंग्रजी रेकॉर्डिंगं तपासली, तेव्हा सुमारे एक टक्का तुकड्यांत मुळात नसलेली वाक्यं सापडली. अडखळत, थांबत बोलणाऱ्यांच्या बाबतीत हे प्रमाण जास्त होतं. आपल्या मुलाखतींत तर माणसं अडखळतात ती नेमकी महत्त्वाच्या जागी.

उपाय दोन. शांतता गाळण्याचा पर्याय असेल तर चालू करा. मागचा मजकूर पुढच्या तुकड्यासाठी संदर्भ म्हणून वापरण्याचा पर्याय बंद करा, म्हणजे एकदा सुरू झालेली पुनरावृत्ती लांबत नाही. पण शांतता गाळली की ट्रान्सक्रिप्टमधूनही ती जाते. ‘पाच सेकंद गप्प’ हे ऐकून हातानेच लिहावं लागतं.

धंद्यातले शब्द आणि बोली

कोयता म्हणजे इथे नवरा-बायकोची जोडी. टोळी, मुकादम (मजूर पुरवणारा कंत्राटदार), उचल, फड, कोपी, वाढं हे शब्द मॉडेलने क्वचितच ऐकलेले. बहुतेक साधनांत सुरुवातीला थोडा मजकूर द्यायची सोय असते. तिथे हे शब्द आणि गावांची नावं घाला. जागा थोडी असते आणि देवनागरी ती भराभर खाते, त्यामुळे वीस-पंचवीस शब्दांवर जाऊ नका. एक मेख अशी, की वर सांगितलेला संदर्भाचा पर्याय बंद असेल तर ही यादी फक्त पहिल्या तुकड्यापुरती लागते. यादी प्रत्येक तुकड्याला लावण्याचा पर्याय काही साधनांत वेगळा असतो, तो शोधा.

बोलीचं मात्र यादीने भागत नाही. ‘म्या न्हाय घेतली, त्यांनीच लिवली’ याचं सॉफ्टवेअर बिनदिक्कत ‘मी घेतली, त्यांनीच लिहिली’ करून टाकू शकतं. ‘म्या’चं ‘मी’ झालं, हे मजुरी आणि स्थलांतरावरच्या अभ्यासाला एकवेळ चालेल. प्रबंधात तसं नमूद करा म्हणजे झालं. गिळलेला ‘न्हाय’ मात्र अख्खी साक्ष फिरवतो. तपासायला वेळ कमीच असेल तर नकार आणि आकडे एवढं तरी कानाने तपासा. एकोणसाठ आणि एकोणसत्तर, दीडशे आणि अडीचशे, ‘बहात्तरचा दुष्काळ’ आणि ‘बहात्तर हजार’ अशा प्रत्येक जागी रेकॉर्डिंग ऐका. डोळ्यांनी वाचून हे कळत नाही.

रेकॉर्डिंग

पत्र्याखाली, पंख्याच्या वाऱ्यात, चटईवर ठेवलेल्या फोनने घेतलेला आवाज नंतर कुठलंही सॉफ्टवेअर सुधारत नाही. पदराला लावायचा साधा कॉलर माइक घ्या. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. आवाज ‘स्वच्छ’ करणाऱ्या अ‍ॅपचा मोह आवरा, कारण त्यात व्यंजनंही घासली जातात. खात्री नसेल तर दोन्ही फायलींची पाच-पाच मिनिटं उतरवून पाहा.

सासू मध्येच बोलते, दीर दारातून काहीतरी सांगतो. कोण बोललं हे ओळखणाऱ्या साधनाला तुम्ही ‘दोन माणसं’ सांगितलं असेल तर सासूचं म्हणणं सुनेच्या नावावर चढतं. आणि सासूसमोर सून काय बोलली नाही, हाच कदाचित तुमचा विषय असतो. कोण कधी आलं-गेलं त्याची वेळ वहीत टिपा आणि माणसांची संख्या खरी द्या.

कुठल्याही वेबसाइटवर फाइल चढवणं

रेकॉर्डिंगमध्ये मुकादमाचं नाव आहे, कर्जाचा आकडा आहे, कधी गर्भाशयाच्या ऑपरेशनचा उल्लेख आहे. संमतिपत्रात ‘आवाज बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर जाईल’ असं लिहिलेलं नसेल तर तो पाठवायचा नाही. आरोग्याच्या संशोधनाला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआर) २०१७ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वं आहेत, शिवाय डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ आहे. पण मुद्दा कायद्याच्याही आधीचा आहे: त्या बाईला पुढच्या हंगामात त्याच मुकादमाकडे जायचंय. व्हिस्पर इंटरनेटशिवाय स्वतःच्या लॅपटॉपवर चालतं. साध्या मशिनवर रखडतं, पण रात्री लावून झोपायला कुणाची हरकत नाही.

शोधलं तर सापडत नाही

सगळं झाल्यावर कोडिंगच्या, म्हणजे मजकुराला विषयवार खुणा लावायच्या, सॉफ्टवेअरमध्ये ‘ॲडव्हान्स’ शोधता आणि निम्मेच उल्लेख येतात. युनिकोडमध्ये ‘ॲ’ एका स्वतंत्र चिन्हानेही लिहिता येतो आणि ‘अ’वर चंद्र जोडूनही. दिसायला सारखे, संगणकाला वेगळे. ‘वऱ्हाड’मधल्या अर्ध्या ‘ऱ’चंही तसंच. सॉफ्टवेअर एक रूप वापरतं, तुमचा कीबोर्ड दुसरं. सगळ्या फायलींत शोधा-बदला करून एकच रूप ठेवा. ‘केलं’ आणि ‘केले’ यांतलंही एक ठरवा. हे कोडिंग सुरू करण्याआधीच उरकावं, नंतर मजकूर बदलला की लावलेले कोड सरकतात.