पावसाने काळी पडलेली घराची बाहेरची भिंत शिडीवर न चढता कशी धुवायची

नवरात्र उठलं की आमच्या रत्नागिरीकडे घरोघरी भिंतींचा विषय निघतो. चार महिने पाऊस ओतल्यावर उत्तरेकडची भिंत काळी ठिक्कर, जोत्यावर हिरवं शेवाळ, आणि दिवाळी पंधरा-वीस दिवसांवर आलेली. मग कोणीतरी प्रेशर वॉशर आणतं, कोणी दुकानातून ॲसिडची बाटली आणतं आणि कोणी शिडी लावून वर चढतं. या तिन्ही गोष्टींची गरज बहुतेक वेळा नसते. भिंत साफ होते ती भिजवल्याने आणि थांबल्याने, जोराने नाही. हे मला जरा उशिरा कळलं, माझे दीर शिडीवरून पडून मनगट मोडून बसले तेव्हा. शिडी चांगली होती, धरायला माणूसही होता, पण खाली खळ्यात, म्हणजे अंगणात, शेवाळ होतं आणि भिंतीवरून ओघळलेलं पाणी त्यावर आलं, शिडीचा पाय सरकला आणि झालं.

म्हणून पहिलं काम भिंत नाही, जमीन. भिंतीच्या कडेने चार-पाच फूट जागा आदल्या दिवशीच घासून घ्या आणि वाळू द्या. दुसऱ्या दिवशी तुम्ही तिथेच ओल्यात उभे राहणार आहात. पायात रबरी तळाचे बूट घाला, स्लीपर नको.

आता भिंतीवर नक्की काय आहे ते बघा, कारण सगळे डाग एकसारखे नसतात. हिरवं आणि काळं म्हणजे शेवाळ आणि बुरशी, ते सगळ्यांना माहितीय. केशरी, विटकरी मखमलीसारखा थर दिसला तर लोकांना वाटतं आतला लोखंडी गज गंजतोय, पण बरेचदा तेही एक शेवाळच असतं, ट्रेंटेपोहलिया म्हणतात त्याला, जात हिरव्या शेवाळाची पण गाजरात असतं तसलं रंगद्रव्य अंगात असल्यामुळे केशरी दिसतं. नखाने खरवडून बघा, मऊ भुगा निघाला तर शेवाळ, आणि भेगेतून रेघ ओघळलेली असेल तर मात्र गंज, तो धुऊन जाणार नाही. तिसरा प्रकार लोणा, म्हणजे भिंतीतून फुटलेली पांढरी मिठासारखी पावडर. लोण्यावर पाणी अजिबात मारू नका, ते मीठ विरघळून परत आत जातं आणि वाळल्यावर पुन्हा बाहेर येतं. कोरड्या ब्रशने झाडून काढा आणि ओल कुठून येतेय ते शोधा.

रंगावरून हात फिरवा. तळहाताला पांढरी भुकटी लागली तर रंग मेलाय, धुताना तो थोडा जाणारच. चुन्याची सफेदी असेल तर नुसतं पाणी आणि मऊ ब्रश, बाकी काही नको. जुन्या खिडक्या-दारांचा ऑइल पेंट मात्र कोरडा घासू नका, कारण आपल्याकडे घरच्या रंगात शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात शिसं किती असेल सांगता येत नाही आणि तो धुरळा लहान मुलांना फार वाईट. ओल्या फडक्याने पुसून घ्या, बास.

विजेचं आता नीट वाचा. बाहेरचे दिवे, बेल, पंपाचा पॉइंट यांचे एमसीबी (मीटरजवळच्या बोर्डावरचे सुरक्षा स्विच) बंद करा, स्विच आणि प्लगवर प्लॅस्टिक बांधून चिकटपट्टी लावा, एसीचं बाहेरचं युनिट, कॅमेरे, इन्व्हर्टरची खिडकी हे सगळं झाका. मीटरच्या पेटीवर पाण्याची धार कधीच नको. आणि घरातला मेन स्विच बंद केला तरी खांबावरून मीटरपर्यंत येणारी वायर चालूच असते, हे खूप जणांच्या लक्षात येत नाही. ती वायर भिंतीला जिथे टेकते तो भाग सोडून द्या, काळा राहिला तरी चालेल. वायरचं वरचं रबर फाटलेलं दिसलं तर काम थांबवा आणि १९१२ वर महावितरणला कळवा. ॲल्युमिनियमची शिडी किंवा लांब पाइप वायरच्या आसपास नको, आणि बांबूचं चालतं असंही समजू नका, ओल्या बांबूतून करंट येतो.

औषध म्हणजे ब्लीचिंग पावडर, विहिरीत टाकतो तीच. ताज्या पावडरीत साधारण ३० ते ३५ टक्के क्लोरीन असतो, पण पाकीट उघडं राहिलं की आपल्या दमट हवेत तो उडून जातो, म्हणून गेल्या वर्षीचं अर्धं पाकीट वापरून गुण येत नाही म्हणू नका. १० लिटर पाण्याला २०० ग्रॅम पुरते. प्लॅस्टिकच्या बादलीत आधी पाणी घ्या, मग त्यात पावडर हळूहळू टाका, उलटं नको. काठीने ढवळा, अर्धा-पाऊण तास निवळू द्या आणि वरचं पाणीच वापरा, खालचा गाळ भिंतीवर पांढरे डाग सोडतो. रबरी हातमोजे, डोळ्याला गॉगल, जुने पूर्ण बाह्यांचे कपडे. डोळ्यात उडालं तर लगेच वाहत्या साध्या पाण्याने १५-२० मिनिटं धुवायचं आणि डॉक्टरकडे जायचं.

ब्लीचिंगमध्ये दुसरं काहीही मिसळायचं नाही. ॲसिड नाही, टॉयलेट क्लीनर नाही, व्हिनेगर नाही, लिंबू नाही. ॲसिड आणि ब्लीचिंग एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, तो हवेपेक्षा जड असतो त्यामुळे जमिनीलगत साचतो, म्हणजे खाली बसून जोतं घासणाऱ्या माणसाच्या अगदी नाकाशी. एका भिंतीला सकाळी ॲसिड मारलं, नाही निघालं म्हणून दुपारी ब्लीचिंग मारलं, तरी तेच होतं, बादलीतच मिसळायला हवं असं काही नाही. तसंच गोठ्याच्या भिंतीचं, तिथे जनावरांचं मूत मुरलेलं असतं, त्यातला अमोनिया आणि ब्लीचिंग मिळून झोंबणारा विषारी वायू होतो, म्हणून गोठ्याला फक्त पाणी आणि झाडू. वास नाकात चढला, डोळे चुरचुरले, खोकला आला तर बादली तिथेच ठेवून मोकळ्या हवेत जायचं, सारवासारव करत बसायचं नाही आणि दम लागत असेल तर थेट दवाखाना.

पंपाचं पण सांगते. आपल्याकडे आंब्याच्या फवारणीचा पाठीवरचा पंप घरात असतोच आणि हात पटकन त्याच्याकडेच जातो. तो वापरू नका. त्यात औषधाचा, खताचा अंश राहिलेला असतो, त्याचं ब्लीचिंगशी काय होईल सांगता येत नाही आणि नंतर तोच पंप झाडावर गेला की पानं करपतात. त्यापेक्षा लांब बांबूला रंगाचा रोलर किंवा मऊ ब्रश बांधा. जमिनीवर उभं राहून १२-१३ फुटांपर्यंत आरामात पोचतं.

सकाळी लवकर किंवा सावली असताना सुरू करा, उन्हात औषध वाळून जातं आणि काम करत नाही. वारा पाठीवर घ्या, तोंडावर नको. तुळस, जास्वंद, अबोली जे काही भिंतीजवळ असेल त्याला आधी भरपूर साधं पाणी द्या आणि काम झाल्यावर परत द्या, भिजलेली मुळं औषध कमी ओढतात. धुण्याचं पाणी विहिरीकडे उतरत असेल तर मातीचा छोटा बांध घाला. वळचणीला गांधीलमाशीचं घर आहे का तेही बघा, असेल तर तो कोपरा सोडा.

भिंत आधी साध्या पाण्याने ओली करा. औषध खालून वर लावत जा, वरून लावलं तर कोरड्या भागावर ओघळ येतात आणि त्या रेघा नंतर जात नाहीत. पहिल्यांदा मागच्या बाजूला हातभर जागेवर लावून बघा, रंग उडतो का ते कळेल. मग १०-१५ मिनिटं थांबा. खरंच थांबा, इथेच सगळ्यांचा धीर सुटतो आणि घासायला लागतात. काळं आपोआप तपकिरी, फिकट होत जातं, मग हलका ब्रश आणि वरून खाली स्वच्छ पाणी, लोखंडी ग्रिल आणि पितळी कड्यांवर जरा जास्तच, नाहीतर गंजतात. एका वेळी सहा-सात फूट रुंदीचाच पट्टा घ्या. तारेचा ब्रश नको, त्याचे बारीक कण भिंतीत राहून पुढच्या पावसात गंजाचे ठिपके येतात.

जांभ्याच्या उघड्या चिऱ्याला मात्र वेगळी वागणूक. जांभा खाणीतून निघतो तेव्हा मऊ असतो, हवा लागून टणक होतो, आणि प्रेशरची धार हे बाहेरचं टणक कवच आणि सांध्यातला चुना दोन्ही काढून टाकते. एकदा ते गेलं की पाणी आत मुरतं आणि शेवाळ दुप्पट वेगाने येतं. ॲसिडने दोन दिवस लालबुंद सुंदर दिसतो पण सांधे खाल्ले जातात. चिऱ्याला साधं पाणी आणि नारळाचं सोडण (वरचं काथ्याचं साल), हळूहळू. आमच्या सासूबाई असंच करतात आणि त्यांचा गडगा अजून कोरीव दिसतो.

प्रेशर वॉशर मला काँक्रीटच्या अंगणासाठी आणि शहाबादी फरशीसाठी मान्य आहे. घरगुती मशीनचा दाब १०० बारच्या पुढे असतो, म्हणून धार पंख्यासारखी पसरलेली ठेवा, निदान दोन फुटांवरून, माणसाकडे आणि स्वतःच्या पायाकडे कधीही नाही. धार लागून कातडीला टाचणीएवढं भोक पडलं तरी लगेच हॉस्पिटल गाठा, वरून छोटं दिसतं पण पाणी आणि घाण आत खोल गेलेली असते. मशीन ३० मिलीॲम्पिअरच्या आरसीसीबीवर (करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच) असलेल्या, अर्थिंगवाल्या प्लगलाच लावा, एक्स्टेंशन बोर्ड ओल्यात ठेवू नका. आणि शिडीवर उभं राहून मशीन अजिबात नाही, ट्रिगर दाबला की मागे धक्का बसतो.

कौलांवर आणि सिमेंटच्या पत्र्यावर चढू नका. पत्रा वरून भक्कम दिसतो आणि पायाखाली फुटतो, शिवाय त्यात बहुतेक वेळा ॲस्बेस्टॉस असतं, म्हणजे फुप्फुसाला घातक बारीक तंतू, म्हणून त्याला ना प्रेशर ना घासणं. दुसऱ्या मजल्याची भिंत असेल तर परांची बांधणारी माणसं बोलवा, दोन दिवसांची मजुरी द्या. खालच्या मजल्यावर एखादा हात कमी पडतोय म्हणून शिडी लावावीच लागली तर दर ४ फूट उंचीला पाया १ फूट बाहेर, खाली एक माणूस धरून, आणि बाजूला वाकून लांबचं गाठायचं नाही, उतरून शिडी सरकवायची.

नंतर रंग लावणार असाल तर भिंत चांगली आठवडाभर उन्हात वाळू द्या, ऑक्टोबरचं ऊन त्यालाच असतं. आणि जिथे दरवर्षी त्याच जागी काळं येतं तिथे पागोळ्या बघा, पन्हळ फुटलेली असते नाहीतर कुंड्या भिंतीला चिकटून ठेवलेल्या असतात. आमची पूर्वेची भिंत पन्हळ बदलल्यापासून तीन पावसाळे धुवावी लागली नाही.