मूल गाणं शिकतंय? घरच्या रियाजात या चुका टाळा

गाणं शिकताना मुलाचा कान तयार होतो, लक्ष टिकायला लागतं, आपली चूक आपणच पकडायची सवय लागते. पण आठवड्याच्या दोन क्लासांत एवढं होत नाही, ते घरच्या रियाजात होतं. नेमका तिथेच घोळ होतो.

सगळ्यात नडणारी चूक म्हणजे पेटीवर प्रत्येक स्वर वाजवत गाणं. मूल पट्टी दाबतं, स्वर ऐकतं आणि त्याच्या मागोमाग आवाज लावतं. स्वर शोधायचं काम पेटीनेच केलेलं असतं, म्हणून पेटी थांबली की गंधार (ग) उतरतो. त्यापेक्षा नुसता तानपुरा लावा. 'सा रे ग' म्हणून गंधारावर चार मात्रा (ठोके) थांबू द्या आणि मगच पेटीवर ग दाबून पडताळा. जुळला नाही तर लगेच दुरुस्त करू नका. आपला स्वर चढलाय की उतरलाय, हे मुलालाच सांगू द्या. सुरुवातीला दहातल्या सहा वेळा अंदाज चुकला तरी चालेल. कान तयार होतो तो याच खटपटीत.

दुसरी चूक तालाची. तबल्याचं ॲप लावून बंदिश म्हटली की ताल आला, असं वाटतं. ॲप बंद करून पाहा, तिसऱ्या आवर्तनापर्यंत (तालाच्या फेरीपर्यंत) लय वाढलेली असते. उपाय हातावर आहे. तीनतालाच्या 16 मात्रा: 1, 5, 13 ला टाळी, 9 ला खाली, म्हणजे टाळी न देता हात मोकळा. आधी नुसता ठेका, म्हणजे तालाचे ठरलेले बोल, म्हणायचा. तो पक्का झाला की 9 ते 12 या मात्रा मनात मोजायच्या आणि 'ता धिं धिं धा' म्हणत तेराव्या मात्रेला बरोबर आवाज काढायचा. हे जमलं की दुगुन, म्हणजे दुप्पट लय. तीनतालाचा ठेका दुगुनीत आठ मात्रांत बसतो, म्हणून समेवर, म्हणजे पुढच्या पहिल्या मात्रेवर, यायचं तर नवव्या मात्रेला उचलायचा. चौगुन (चौपट लय) तेराव्याला. तिगुन (तिप्पट लय) कुठून उचलायची, हे चौथी-पाचवीतल्या मुलाला कागदावर मांडू द्या. सोळाला तिनाने भागताना अपूर्णांक टाळ्या वाजवूनच समजतो. संगीताने गणिताचे मार्क आपोआप वाढतात, असं मात्र आम्ही कुणाला सांगत नाही.

रविवारी सलग दोन तास बसवण्यात अर्थ नाही. सात ते दहा वर्षांच्या मुलाला रोज 15-20 मिनिटं पुरेत: पाच मिनिटं सा, मग 'सारेग, रेगम, गमप' हा पलटा संथ लयीत, उरलेला वेळ बंदिशीला. पलटा जलद म्हणायची घाई केली की मधले स्वर गिळले जातात. अशा वेळी लय निम्म्यावर आणा.

गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक किंवा प्रवेशिका परीक्षेचा फॉर्म भरला की पुष्कळ घरांत तेवढ्याच बंदिशी आणि लिहून दिलेल्या ताना घोटल्या जातात. परीक्षा जरूर द्या. पण रोज दोन मिनिटं भूप रागाचे पाच स्वर, सा रे ग प ध, मुलाच्या हवाली करा आणि त्यातून त्याला सुचेल तो आलाप करू द्या. पाठ केलेली तान विसरली की मूल अडतं. राग कळलेलं मूल पुढे जातं.

गाण्याची पट्टी, म्हणजे सा ज्या उंचीवर धरतो ती, मोठ्यांच्या सोयीची नको. मंद्र पंचम (खालच्या सप्तकातला प) ऐकू येईल इतका भरीव लागायला हवा आणि तार सा (वरच्या सप्तकातला सा) लावताना मान ताणली जाता कामा नये. मुलग्यांचा आवाज साधारण बाराव्या ते चौदाव्या वर्षी फुटतो. तेव्हा जुन्या पट्टीचा हट्ट सोडा, पट्टी उतरवा, तार सप्तक काही महिने बाजूला ठेवा आणि रियाजाचा तेवढा वेळ तालाला द्या.