गर्दीचा फोटो रिकामा दिसायचा, ते कसं सुटलं (माझा अनुभव)

नागपुरात बर्डीच्या (सीताबर्डी बाजार) मेन रोडवर रविवारी पाय ठेवायला जागा नसते, पण माझ्या फोटोत मात्र चार माणसं, मोकळा डांबरी रस्ता आणि वर ढीगभर आभाळ. १८ एमएमवर (म्हणजे लेन्स रुंद दृश्य घेईल अशी) काढले, गर्दीत घुसून काढले, शटर १/५०० सेकंद ठेवलं (फोटो टिपायचा वेळ इतका कमी) तर सगळे पुतळ्यासारखे गोठलेले. तीन रविवार असेच गेले, रडू यायचं बाकी होतं.

शेवटी जमलं ते असं. आधी मागे सरकलो, ओळखीच्या दुकानाच्या पहिल्या मजल्यावर गेलो आणि लेन्स झूम करून १३५ एमएमवर नेली, लांबून बघितलं की पुढची-मागची डोकी एकमेकांना चिकटून दिसतात. आभाळ पूर्ण कापलं, फ्रेम चारही बाजूंनी माणसांनीच भरली. मग मोड शटर प्रायॉरिटी (शटरचा वेळ आपण ठरवायचा), आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १००, शटर १/८ सेकंद, म्हणजे चालणारी माणसं वाहताना दिसतात. कॅमेरा कठड्यावर रुमालाची घडी घालून ठेवला, २ सेकंदांचा टायमर लावला म्हणजे बटण दाबताना हलत नाही. वेळ सूर्य मावळतानाची, कारण दुपारी एवढ्या स्लो शटरला फोटो पांढराफट्ट होतो, तेव्हा एनडी फिल्टर (लेन्सवर लावायची, प्रकाश कमी करणारी गडद काच) लागतोच.

आणि खरी किल्ली म्हणजे एक माणूस स्थिर हवा. मी मोजे विकणाऱ्या काकांवर फोकस करून तो मॅन्युअलवर लॉक केला आणि वीसेक फोटो घेतले. एकात काका सुट्टे मोजत थांबलेत, बोटांतली नोटसुद्धा स्पष्ट, आणि भोवती सगळी बर्डी वाहतेय. १/२ सेकंद पण करून पाहिलं, माणसांचा नुसता धूर होतो, १/८ ते १/१५ मध्येच ठेवा.